उलटं छापलेलं गाव

पत्र वाचून झाल्यावर मी रागाची वाट बघत बसलो. मला राग येतो हे सगळ्यांना माहीत आहे. बायको म्हणते, ह्यांचा राग ह्यांच्या आधी उठून तोंड धुवून बसलेला असतो. रविवारची सकाळ होती, नऊ वाजले असतील. मागच्या खोलीत मी स्टुलावर बसलो होतो, समोर अकरा वर्षांचं काम पसरलेलं होतं, आणि कधी न पाहिलेल्या, एकोणऐंशी वर्षांच्या एका बाईने संगणकावरून कळवलं होतं की हे सगळं उलटं आहे. वाईट नाही, कच्चं नाही. उलटं. डावीकडचं ते उजवीकडे आणि उजवीकडचं ते डावीकडे. बाईने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे वाक्यं स्वच्छ होती, पळवाटेला जागा नव्हती. मी कानशिलं तापायची वाट बघितली. हात पक्कड शोधेल, काहीतरी भिंतीवर जाऊन आपटेल, असं वाटलं. काहीच झालं नाही. झालं ते सांगायची लाज वाटते. चावणारा बूट दिवसभर सहन करून घरी आल्यावर काढला की पायाची बोटं आपोआप पसरतात, तसं काहीतरी छातीत पसरलं, आणि मी हुश्श केलं. इतक्या मोठ्याने की स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

खोली बारा फूट बाय नऊ. तिच्या दोन भिंतींना धरून कमरेच्या उंचीवर काटकोनात प्लायवूड, आणि त्या प्लायवूडवर अमेरिका. सगळी नाही. तिथल्या सपाट धान्यपट्ट्यातली एक बावीस मैलांची लाईन. मोठ्या रेल्वेच्या फाट्यावरून निघायची आणि चारशे वस्तीच्या एका गावात जाऊन थांबायची, कारण त्यापुढे नुसता गहू. एक इंजिन, आठ मालडबे, आणि त्यांच्या शेपटीला उतारूंचा एक डबा, ज्यात बहुतेक दिवस एखादा विमा एजंट आणि कोंबड्यांची खुराडी. दिवसाकाठी एक गाडी जायची, तीच परत यायची. रुळांमध्ये गवत, स्लीपर अर्धे कुजलेले, वेग एवढा की माणूस उतरून लघवी करून परत चढू शकेल. साठ वर्षांपूर्वी ती लाईन बंद झाली आणि रूळ भंगारात गेले. मला ती रद्दीच्या दुकानात सापडली, चाळीस पानांच्या एका पुस्तिकेत, एकतीस फोटोंमध्ये. लोक विचारतात, एवढी हौस आहे तर आपलीच गाडी का नाही केलीत. आपल्या गाडीने मला आयुष्यभर उशीर करवला आहे, तिचं खेळणं कशाला करू. या लाईनला कुणाकडून काही नको होतं, कुणाला घाई नव्हती. मी तिथे कधी गेलो नाही, जाणारही नाही. पण त्या गावात पाण्याच्या टाकीपासून स्टेशनपर्यंत किती पावलं आहेत ते मी सांगू शकतो. सत्त्याऐंशी पट लहान करून मी ती मोजलेली आहेत.

माझा धंदा दातांचा. म्हणजे मी डॉक्टर नाही. डॉक्टर ठसा घेतात, तो लॅबमध्ये येतो, मी त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतो आणि त्याच्यावर कवळी बसवतो. गल्लीत मला कवळीवाला म्हणतात. अमेरिकेतली जमीन मी त्याच प्लास्टरने केली. खडी म्हणजे दळलेलं प्लास्टर, गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा, आणि तारेचं कुंपण लावायला दात धरायचा चिमटा. तेव्हा माझ्यासारख्या माणसाने डावं-उजवं चुकवणं म्हणजे काय ते लक्षात घ्या. समोरच्या माणसाची डावी दाढ आपल्याला उजवीकडे दिसते. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि बाजू सांगायची ती नेहमी पेशंटची, आपली नाही. मी हे तीस वर्षं करतोय. झोपेत विचारा.

बायको चहा घेऊन दारात आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. डॉक्टरांचं अक्षर वाचायची सवय असल्यामुळे माझं तोंडही वाचते.

"हुश्श कशाला केलंत?"

"सगळं उलटं आहे."

"कुठलं सगळं?"

"अमेरिका."

तिने मान तिरकी करून प्लायवूडकडे पाहिलं. "मला तर सुलटं दिसतंय."

"तुला काय कळतंय. ती धान्याची कोठी आहे ना डावीकडे, उंच? ती उजवीकडे पाहिजे. फोटो उलटा छापला होता. मी उलट्या फोटोवरून गाव बांधलं."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

ती थांबली. मी आता ओरडेन म्हणून कप हातातच धरून ठेवला होता; पूर्वी एक फुटलेला आहे. मी ओरडलो नाही. तिने कप ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही," असं स्वतःशीच म्हणून निघून गेली.

बाईने लिहिलं होतं की तिचे आजोबा त्या गावी स्टेशनमास्तर होते आणि सगळं घर स्टेशनच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचं. पुतण्याने तिला माझ्या कामाचे फोटो दाखवले, असल्या हौशी लोकांच्या एका साइटवर मी ते टाकले होते. ती रडली म्हणे. मग तिने दोन दिवस विचार केला, कळवावं की नाही. आजोबा सकाळी खिडकीशी उभे राहून दाढी करायचे, आणि कोठीची सावली त्यांच्या गालावर असायची. सावली हलेपर्यंत ते थांबत आणि मग उरलेला गाल करत. "तुमच्या गावात त्यांना संध्याकाळी दाढी करावी लागेल," असं तिने लिहिलं होतं. सोबत एक फोटो जोडला होता, पाण्याच्या टाकीवर चढून काढलेला, माझ्या पुस्तिकेत मधल्या पानावर आहे तोच. फक्त तिच्याकडे काचेची मूळ प्लेट होती, म्हणजे निगेटिव्ह, आणि सुलटा ठसा. पुस्तिका छापणाऱ्याने प्लेट पालथी धरली होती. फोटोत स्टेशनच्या पाटीवर ऊन चमकलं आहे, अक्षरं पांढरीफटक, त्यामुळे वाचायला काही नाही. कुणालाही कळलं नसतं, असं तिने माझी समजूत काढत लिहिलं होतं.

हे मात्र खोटं. बाईचा दोष नाही, तिला माहीत नाही. मला कळलं असतं. मला सांगायला तीन साक्षीदार येऊन उभे होते आणि मी तिघांना हाकलून दिलं होतं. पहिलं स्टेशनचं धुराडं. पुस्तिकेत स्टेशनचा समोरून काढलेला आणखी एक फोटो आहे, त्यात पाटी चांगली वाचता येते आणि धुराडं छपराच्या एका टोकाला आहे. मधल्या पानावर ते दुसऱ्या टोकाला. मी ठरवलं, दोन फोटोंमध्ये दहा वर्षं गेली असतील, धुराडं हलवलं असेल. कोण हलवतं धुराडं? दुसरा ड्रायव्हर. त्या देशात ड्रायव्हर इंजिनात उजव्या बाजूला बसतो, आणि मधल्या पानावर, जिथे इंजिन समोरून येतंय, त्याचं कोपर डाव्या खिडकीतून बाहेर आलं होतं. मी म्हटलं, मागचे डबे बघायला या बाजूला आला असेल. एवढंच करून थांबलो नाही, बोटाच्या पेराएवढा माणूस कोरून त्याचं कोपर डाव्या खिडकीत चिकटवलं. तिसरा हवेचा पंप.  मी इंजिन तयार विकत घेतलं होतं, आणि बनवणाऱ्याने ब्रेकचा पंप जिथे असतो तिथे, बॉयलरच्या डाव्या अंगाला, बरोबर बसवला होता. फोटोत तो उजवीकडे दिसत होता. तेव्हा मी काय केलं असेल? मी बरोबर असलेला पंप करवतीने कापला, भोकं बुजवली, आणि उजवीकडे नेऊन डाग देऊन सांधला. त्या संध्याकाळी मी बायकोला बोलावून दाखवलं होतं, बघ, या कंपनीवाल्यांना कळत नाही, मला कळतं.

स्टुलावर बसून मी तो पंप बघत होतो, आणि मला एक कागद आठवला. आठवला म्हणणंही खोटंच. तो कुठे गेलाच नव्हता. पाठीमागे कुणीतरी उभं असावं आणि आपण मुद्दाम वळून बघू नये, तसा अकरा वर्षं तो मागे उभा होता.

लॅब मुळात दादाची. माझा थोरला भाऊ. त्यानेच मला हाताला धरून शिकवलं, मेणाची सुरी कशी तापवायची इथपासून. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मी कवळी करायचो, तो दात करायचा. तो कोरलेल्या सुळ्याला किंचित झीज द्यायचा, माणसाच्या वयाची, म्हणजे साठीच्या माणसाच्या तोंडात विशीचा दात दिसू नये. अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी, आमच्याकडे काम पाठवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन मी घेतला. एका पेशंटचे तीन दात काढायचे होते, खालचा सुळा आणि त्याच्या मागचे दोन, आणि दात काढल्या काढल्या त्याच खुर्चीत त्याला तयार कवळी बसवायची होती. बँकेत काउंटरवर बसणारा माणूस, त्याला एक दिवसही बोळकं दाखवायचं नव्हतं. अशा कामात जबड्याच्या प्लास्टरवरचे ते तीन दात आधीच कापून टाकतात आणि त्या जागेवर कवळी बेततात. बाई म्हणाल्या, डावीकडचे. मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर जबड्याची कमान काढली, तीन फुल्या मारल्या आणि कागद दादाच्या टेबलावर ठेवला. दादाने कापले, दादाने कवळी केली, आणि आठवड्याने बाईंच्या दवाखान्यात, पेशंट तोंडात बोळा धरून बसलेला असताना, कवळी बसेना. ती उजव्या बाजूची होती. तो माणूस पुढे तीन आठवडे तोंडावर हात धरून नोटा मोजत बसला.

बाई काही बोलल्या नाहीत. बोललो मी. त्यांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकांवर माणसं बसलेली असताना, मी माझ्या थोरल्या भावाला म्हणालो, "तुला डावं-उजवं कळत नाही का? मी सरळ लिहून दिलंय, तू उलटं वाचलंस." तो माझ्याकडे बघत राहिला. मी आणखी बोललो. वय झालं म्हणालो. त्याला तेव्हा अठ्ठेचाळीस होतं. कागद तोवर प्लास्टरच्या कचऱ्यात गेला होता, त्यामुळे मी कितीही मोठ्याने बोलू शकत होतो. महिन्याभरात दादा लॅब सोडून गेला. कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात लागला. मी त्याच महिन्यात प्लायवूड आणलं.

आणि फुल्या मी कुठे मारल्या होत्या? कागदाच्या डाव्या बाजूला. कागद कॅलेंडरमधून फाडलेला, त्याची डावी कड करवतीसारखी दातेरी होती, आणि तिसरी फुली त्या कडेवर अर्धी घसरली म्हणून मी ती पुन्हा गिरवली होती. कागदाची डावी म्हणजे पेशंटची उजवी. पहिल्या दिवशीचा धडा. फुली गिरवल्याचं मला आजपर्यंत बोटात जाणवतं, पेन्सिलीचं टोक दातेऱ्यात अडकलं होतं. हे मला माहीत होतं. दवाखान्यात ओरडताना माहीत होतं की नव्हतं ते सांगता येत नाही, पण घरी आल्यावर, बूट काढायच्या आत, माहीत झालं होतं. मग मी कारणं शोधून दिली. दादाने फोनवरचं माझं बोलणं ऐकायला पाहिजे होतं. दादाने ठशावरून ओळखायला पाहिजे होतं. धुराडं हलवलं असेल. आई गेली तेव्हा आम्ही दोघं एका खोलीत दोन भिंतींना टेकून उभे होतो, आणि एकमेकांना काही द्यायचं तर वहिनींच्या हातातून देत होतो, काडेपेटीसुद्धा. त्या दिवशीही बोलता आलं असतं. बरोबर असणं हे केवढं ओझं असतं हे कुणी सांगत नाही. चुकलेला माणूस झोपतो. बरोबर असलेल्याला रात्रंदिवस पहारा द्यावा लागतो. आता एका परक्या म्हातारीने मला पुराव्यासकट सांगितलं होतं की मी डावं-उजवं चुकवणारा माणूस आहे आणि चूक दाखवणाऱ्यालाच कापून काढणारा माणूस आहे, आणि माझी बोटं पसरत होती.

मी अमेरिकेतल्या बाईला उत्तर लिहिलं. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं, कळवल्याबद्दल आभार. त्यापुढे सवयीने ‘पण’ लिहिला आणि खोडला. मग उठून शर्ट शोधायला लागलो.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"दादाकडे."

तिने कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि वरची दोन बटणं स्वतःच लावली.

"वहिनींना फोन करू का, येताय म्हणून?"

"नको."

"केलाय."

दादाचं घर बसने पाऊण तासावर. इतकं जवळ. जिना चढताना मी पहिलं वाक्य तयार करत होतो आणि प्रत्येक मजल्यावर ते मोठं होत होतं; दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यात डॉक्टरीणबाई आल्या, पेशंट आला, आई आली, आणि मला कळलं की मी परत कारणं रचतोय, फक्त या वेळी नम्रपणे. तिसऱ्या मजल्यावर ते सगळं टाकून दिलं. वहिनींनी दार उघडलं. "या भाऊजी," म्हणाल्या, जणू मी गेल्याच आठवड्यात येऊन गेलो होतो. दादा खिडकीशी टेबलावर पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, स्क्रू ठेवायला बशी. केस सगळे पांढरे. मी धरून चाललो होतो की त्याचे केस तेव्हा होते तसेच असतील.

"बस, बारक्या," तो वर न बघता म्हणाला. "त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो."

"पायांच्या कारखान्यात आहेस आणि खुर्चीचा पाय हलतो?"

"खुर्ची काही तक्रार घेऊन येत नाही."

मी स्टुलावर बसलो. वहिनी आत गेल्या, पण पाण्याचा आवाज आला नाही, म्हणजे दाराआड उभ्या होत्या. मी म्हणालो, "दादा, त्या कागदावर फुल्या मी चुकीच्या बाजूला मारल्या होत्या."

"हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो. मी बघितल्या होत्या ना. एक दोनदा गिरवलेली होती." त्याने एक स्क्रू बशीत टाकला. "मग कापताना बघतो तर उजव्या बाजूचे तिन्ही दात ठणठणीत. आणि डाव्या बाजूला सुळ्याला एवढं भोक, प्लास्टरमध्येसुद्धा दिसत होतं. म्हटलं हे काहीतरी गडबड आहे. तुला विचारायला उठलो."

"मग?"

"तू बाहेर त्या कुरिअरवाल्यावर ओरडत होतास. पार्सल ओलं झालं म्हणून. मी दारात थोडा उभा राहिलो. मग म्हटलं मरू दे, लिहिलंय तसं कापतो. याला आत्ता विचारलं तर माझ्यावर येईल." आता त्याने वर बघितलं. "म्हणजे माझीही चूकच झाली. शंका आली की विचारायचं, हे तुला मीच शिकवलेलं."

मला वाटलं होतं तो ओरडेल, किंवा ऊठ म्हणेल, किंवा गळ्यात पडेल. या तिन्हीची तयारी करून आलो होतो. माझ्या रागाच्या भीतीने त्याने चुकीचे दात कापले, याची तयारी नव्हती. मी विचारलं, "मग तेव्हा दवाखान्यात बोलला का नाहीस?"

"तू मध्ये जागा कुठे ठेवली होतीस," तो म्हणाला. त्याने चष्मा काढून पुसला, आणि मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मला सांगून काय उपयोग रे. मला माहीतच होतं. बाईंना सांग. त्यांच्यासमोर झालं सगळं. अकरा वर्षं मी त्या रस्त्याने जात नाही. बाजारात जायचं तर मागून फिरून जातो. त्यांना वाटत असेल, थोरल्याला डावं-उजवं कळत नव्हतं."

"सांगतो."

"केव्हा?"

मी फोन काढला. बाई तीन वर्षांपूर्वी दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेल्या होत्या, पण नंबर तोच होता. दादाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला आणि फोन बशीशेजारी टेबलावर ठेवला. वहिनी आता उघड उघड बाहेर येऊन उभ्या राहिल्या. घंटी बराच वेळ वाजली. बाईंनी उचलल्यावर मी नाव सांगितलं, प्रकृती विचारली नाही, एका दमात बोललो: अकरा वर्षांपूर्वीची ती कवळी, बँकेतल्या गृहस्थांची, खालचा सुळा आणि दोन, ती चूक दादाची नव्हती, माझी होती, कागदावर मी उलटं लिहिलं, आणि तुमच्यासमोर मी खोटं बोललो.

 मग बाई म्हणाल्या, "कुठली कवळी?"

मी परत सांगितलं. बँक, खुर्ची, तोंडात बोळा.

"अहो, चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बघत होते. त्यात दोनशे कवळ्या तरी बसल्या नसतील. मला कुठून आठवणार?" मग जरा थांबून, "तुम्ही एकदा फार आरडाओरडा केला होता, तेवढं आठवतं. माझा एक पेशंट बाहेरच्या बाहेर पळून गेला. त्यानंतर थोरला यायचा बंद झाला. मला वाटलं, तुमचं भावाभावांचं काहीतरी असेल, आपण कशाला बोला. आहे कुठे तो? त्याच्यासारखा सुळा पुन्हा कुणी करून दिला नाही. माझ्या स्वतःच्या तोंडात त्याचाच आहे."

दादाच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, आवाज न करता, टेबलाची कड धरून. मग आवाजही आला, आणि वहिनी त्याच्या पाठीवर थापा मारायला लागल्या. "मागून फिरून जात होतो," तो धापा टाकत म्हणाला, "भाजीच्या पिशव्या घेऊन. अकरा वर्षं. आणि बाईंना—" पुढचं त्याला बोलता आलं नाही. फोनवर बाई विचारत होत्या, कोण हसतंय. मी म्हणालो, थोरला. "मग दे की त्याला," त्या म्हणाल्या, आणि दादा डोळे पुसत फोन घेऊन खिडकीकडे गेला. पाठमोरा उभा राहून तो बराच वेळ बोलला, हिरड्यांबद्दल काहीतरी. मी बशीतले स्क्रू मोजत बसलो. सात होते. मला त्याच्या जागी संताप आला असता. माझी बदनामी मी समजत होतो तेवढी कुणाच्या लक्षातच नव्हती, हे मला सहन झालं नसतं. त्याचं नाव मी एकट्यानेच बुडवलं होतं, आणि ते फक्त आमच्या दोघांच्याच डोक्यात बुडलेलं होतं. त्याला त्याचं हसू येत होतं. हा फरक आमच्यात लहानपणापासून आहे.

जेवताना मी अमेरिकेबद्दल सांगितलं. पालथी प्लेट, धुराडं, कोपर, पंप. पंप कापल्याचं ऐकून दादा घास तसाच धरून थांबला. "बरोबर बसवलेला कापलास?"

"हो."

"डाग कशाने दिलास?"

"चांदीने."

"मग निघायचा नाही सहज."

वहिनी म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊजी तसंच. इथे कोण बघणार आहे, कुठली कोठी कुठे आहे ते? दिसायला छान दिसत असेल तर झालं." माझ्या बायकोनेही हेच म्हटलं असतं, आणि दोघीही शहाण्या बायका आहेत. पण मी दादाकडे बघितलं आणि दादाने नकारार्थी मान हलवली. "उलटी कवळी दिसायला छानच असते," तो म्हणाला. "तोंडात जात नाही एवढंच. तोड ते. केवढं आहे?"

"दोन्ही बाजू मिळून चौदा फूट, काटकोनात."

"खोलीच्या दारातून निघेल?"

मी कधी विचारच केला नव्हता. मी ते खोलीत बांधलं होतं, खोलीच्या मापाचं, दार बंद करून. ते अख्खं कधी बाहेर काढावं लागेल असं कधी डोक्यात आलं नाही. मी म्हणालो, "नाही निघणार."

"मग तुकडे करायला लागतील. स्टेशन आणि कोठी अख्खी उचलू, त्यांना काय, जागा बदलायची आणि धुराडं हलवायचं. रूळ सोडवून घेऊ. जमीन जाईल." तो हिशेब करत होता, जसा पूर्वी सकाळी आलेले ठसे टेबलावर मांडून करायचा, कुठलं आधी, कुठलं मागून. "पुढच्या रविवारी येतो. करवत आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"बोथट असेल. मी माझी आणतो."

निघताना आम्ही एकमेकांना हात वगैरे लावला नाही. त्याने पंख्याचं बटण फिरवून दाखवलं, चालत होता. मी जिना उतरलो, उन्हात उभा राहिलो, बस आली, खिडकीशी जागा मिळाली. दुपारचे तीन वाजले असतील. जाताना मला खिडकीतून काय दिसलं होतं ते काही केल्या आठवेना. आता एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवताना दिसला, एका बाईने चालता चालता चप्पल झटकली, एवढं बघितल्याचं आठवतं. मग कुणीतरी खांदा हलवत होतं. "काका, उतरा, शेवटचा स्टॉप आहे." कंडक्टर होता. बस रिकामी. माझ्या हनुवटीवर लाळ आली होती आणि शर्टाची कॉलर ओली होती.

मी उतरलो. माझा स्टॉप मागे किती राहिला होता कोण जाणे; या बाजूला मी आयुष्यात आलो नव्हतो. एक बंद गॅरेज, बाहेर टायरांची चवड, पत्र्याच्या छपराखाली बाक, आणि त्यापुढे डांबर संपून मातीचा रस्ता सुरू होत होता. परतीची बस चाळीस मिनिटांनी, कंडक्टरने सांगितलं, आणि आपला डबा उघडून तो पायरीवर जेवायला बसला. एरवी मी त्याचं डोकं खाल्लं असतं: चाळीस मिनिटं कशी, पाटी का नाही, मला आधी का नाही उठवलं. तोंड उघडलंही होतं, पण त्यातून जांभई आली. मी बाकावर बसलो. खिशात फोन वाजला, बायकोचा.

"कुठे आहात? वहिनी म्हणाल्या केव्हाच निघालात."

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"बसमध्ये झोप लागली. पुढे आलोय. शेवटच्या स्टॉपला."

"तुम्हाला? बसमध्ये?"  मागे आमच्या घरातला नळ चालू होता, तो तिने बंद केल्याचं ऐकू आलं. मग हळूच तिने विचारलं, "दादा काय म्हणाले?"

कंडक्टरने जेवता जेवता बाजूला सरकून पायरीवर माझ्यासाठी जागा केली आणि मानेने बोलावलं, इकडे सावली आहे म्हणून. मी उठून तिकडे गेलो.

"पुढच्या रविवारी करवत घेऊन येतोय," मी तिला सांगितलं.